जोड टाके म्हणजे ‘हो’

शिंप्याच्या त्या दुकानात एरवी दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याला दारात थांबावं लागायचं. त्या दिवशी आत वीस-बावीस माणसं कोंबलेली होती आणि तेवढीच बाहेर रस्त्यावर टाचा उंचावून उभी होती. सगळ्यांचे डोळे एका काळ्या शिलाई मशीनवर खिळलेले. मशीनपुढे स्टूल होतं आणि स्टुलावर कोणीच नव्हतं.

“शांतता!” मास्टरने दोन्ही हात वर केले. पूर्वी हा माणूस पँटची उंची कमी करून द्यायचा. आता लोक त्याला मास्टरमहाराज म्हणत होते. “विज्ञान जिथे धापा टाकतं, तिथून आईसाहेब सुरू होतात! मी कोण? मी नुसता बॉबिन. दोरा त्यांचा! टाके जोड पडले तर ‘हो’, एकी पडले तर ‘नाही’. विचारा!”

एक बाई पुढे सरकली. “आईसाहेब, आमच्या ह्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. घेतल्या की गळून जातात हो. बंद करू का?”

मास्टरने स्पीकरवरच्या बासरीचा आवाज वाढवला, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून डोळे मिटले. आणि मशीनखालचं लोखंडी पायडल हललं. खाली गेलं, वर आलं. पट्टा फिरला, चाक फिरलं, सुई पांढऱ्या कापडावर उतरली. बाहेरच्या लोकांनी फोन उंच धरले. कोणीतरी “पाय बघा, पाय!” म्हणून ओरडलं आणि चार-पाच जणांनी त्या पायडलला वाकून नमस्कार केला.

“एक, दोन, तीन, चार. जोड!” मास्टर गहिवरला. “आईसाहेब म्हणतात, बंद कर.”

माझा तिळपापड झाला. चाळीस वर्षं मी मोटरी भरण्याचं, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळण्याचं, काम करतोय. जळालेली मोटर मी वासावरून ओळखतो आणि चालू मोटर आवाजावरून. पण त्या बासरीपुढे काही ऐकू येईल तर शपथ. म्हटलं, “मास्टर, मशीनला जरा हात लावून बघू का?”

“शंकेखोर हात लागला तर आईसाहेब दुखावतात,” तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की माझा संशय दुप्पट झाला.

बाहेर मी त्या बाईला गाठलं. “बाई, गोळ्या बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही, मी मोटरी दुरुस्त करतो.”

“मग?” असं म्हणून ती तरातरा निघून गेली.

आता मी तिथे काय करत होतो ते सांगतो. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक ताई राहते, आई गेल्यावर इथे राहायला आलेली. वयाने माझ्या मुलीएवढी, पण सगळे ताईच म्हणतात. नोकरी गेल्यापासून ती लोकांच्या जुन्या वस्तू फोनवरच्या बाजारात विकून घर चालवते. तिची एक पद्धत आहे. नुसता फोटो टाकत नाही, प्रत्येक वस्तूची चार ओळींची गोष्ट लिहिते. हे टेबल कोणाचं होतं, त्यावर कोण अभ्यास करायचं, असं. गोष्ट वाचली की वस्तू पटकन जाते, हा तिचा अनुभव. गेल्या महिन्यात तिने तिच्या वारलेल्या आईची हातमशीन विकायला काढली आणि लिहिलं, “माझ्या आईची मशीन. तीस वर्षं तिने यावर शिवलं. निळ्या कापडाचा तिला फार लळा. चालू स्थितीत. चांगल्या हातात जावी.”

मशीन मास्टरच्या हातात गेली आणि आठवड्याभरात त्याने तक्रार ठोकली. कारण, ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’. खाली लिहिलं होतं, “विक्रेत्याने मशीन चालू स्थितीत असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात ती बंद स्थितीतही चालते. मशीनमध्ये विक्रेत्याच्या आईचा आत्मा आहे. ही बाब लपवण्यात आली.” सोबत पुरावा म्हणून व्हिडिओ. ताईला उत्तर द्यायला कंपनीने वीस दिवस दिले होते.

व्हिडिओ सगळ्या गावाने पाहिला. पाहिला नाही तो फक्त ताईने. तिला तो उघडायचा धीरच होत नव्हता. तिने विकलेलं घड्याळ एकाने परत पाठवलं, दिवा दुसऱ्याने. म्हणे, त्या घरातल्या वस्तू नकोत. पण धंदा बसला त्याचं तिला तेवढं काही नव्हतं. ती एकच गोष्ट घोकत होती.

“काका, मी आईची मशीन विकायला नको होती. तिला राग आलाय.”

“राग आला असता तर ती तुझ्याकडे आली असती. त्या शिंप्याकडे कशाला जाईल?”

“तुम्ही काल स्वतः बघून आलात ना? आपोआप चालते ना?”

“चालते,” मी कबूल केलं. “आपोआप चालते की नाही, ते अजून बघायचंय. हा माणूस मागतोय काय, ते सांग.”

तिने फोन पुढे केला. मास्टरला सगळे पैसे परत हवे होते. मशीन मात्र परत पाठवायची नव्हती, कारण ‘हलवल्यास आत्मा खवळेल’. आणि तक्रार मागे घेण्यासाठी एक अट होती. ताईने दुकानात येऊन सगळ्यांसमोर लिहून द्यायचं की मशीन माझ्या आईचीच आहे आणि आमच्या घरीही ती आपोआप चालायची.

मी ते दोनदा वाचलं. “ताई, पंखा बिघडलेला निघाला तर लोक काय करतात? परत पाठवतात. इथे साक्षात भूत निघालंय आणि हा बाबा ते सोडायला तयार नाही! त्याला पैसे नकोतच. त्याला तुझा कागद हवाय. उद्या तो फ्रेम करून भिंतीवर लावेल आणि तुझ्या आईच्या नावाने दुकान चालवेल.”

“लावू दे. निदान आई शांत होईल. मी लिहून देणार आहे, काका.”

तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. मला मास्टरची मान मुरगळावीशी वाटली. शेवटी म्हटलं, “बरं, दे. पण सही करायच्या आधी तू तुझ्या आईशी बोल. तिथे सगळ्या जगाला बोलता येतं, मग लेकीला का नाही?”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. मी सवयीप्रमाणे खिशात टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर टाकला. मास्टरने गर्दी आधीच जमवून ठेवली होती. कागद टाइप करून तयार, वर पेनही ठेवलेलं.

“या, ताई, या! लेक आली, आईसाहेब!” त्याने घोषणा केली. लोकांनी वाट करून दिली.

“आधी मला बोलायचंय तिच्याशी,” ताई म्हणाली.

मास्टरची चुळबुळ झाली, पण गर्दीसमोर नाही कसं म्हणणार? बासरी वाढली. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला.

“आई,” ताई मशीनपुढे आली. “तुला निळा रंग आवडायचा ना गं?”

पायडल हललं. दोन टाके. जोड! लोकांच्या तोंडून हुंकार निघाला आणि ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी मनात म्हटलं, संपलं. अरे, निळा रंग तर जाहिरातीत लिहिला होता, तो कोणीही सांगेल! पण हे तिला त्या क्षणी सांगणार कसं?

ताईने डोळे पुसले आणि ती खाली बघू लागली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने मास्टरला विचारलं, “हे पायडल?”

“स्टँड माझं आहे. मशीन त्यावर बसवली. पण चालवणारे पाय आईसाहेबांचे! नमस्कार करा.”

ताईने नमस्कार केला नाही. ती स्टुलावर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “आई, मी लहान होते तेव्हा तू रोज मला शाळेत चालत सोडायला यायचीस. वाटेत मी दमले की कडेवर घ्यायचीस. आठवतं?”

पायडल झोकात हललं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मास्टरने डोळे मिटूनच मान डोलावली. “आईची माया!”

“माझी आई चालायची नाही,” ताई म्हणाली.

बासरी तेवढी वाजत राहिली.

“तीन वर्षांची असताना तिला ताप आला आणि दोन्ही पाय गेले. मला शाळेत शेजारच्या काकू सोडायच्या. म्हणून तर तिने हातमशीन घेतली. हे मी जाहिरातीत लिहिलं नाही, कारण तिला कोणी कीव केलेली चालायची नाही.”

मास्टर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने क्षणात सावरून घेतलं. “ताई, मृत्यूनंतर देहाची सगळी व्यंगं नाहीशी होतात. आईसाहेबांना पाय मिळालेत!”

दोन-तीन माना हलल्यासुद्धा. पण ताई उठून उभी राहिली. “अस्सं? मग मला शाळेत सोडायला ती कधी आली? मेल्यावर?”

कोणीतरी फिसकन हसलं. मला तेवढं पुरे होतं. मी दाराजवळच्या बोर्डाकडे गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, बासरी बंद पडली.

“आता विचारा काहीही,” मी म्हटलं.

“आईसाहेबांना उजेड लागतो!” मास्टर ओरडला.

“दुपारचं ऊन दारातून आत आलंय, मास्टर. अजून किती उजेड पाहिजे?”

पायडल हललं नाही. मी स्टँडच्या बाजूच्या खणाला हात घातला. खण स्क्रूने पक्का बसवला होता. शिलाई मशीनचा खण कोणी स्क्रूने बंद करतं का? त्यात तर कात्री, रिळं, टेप ठेवतात. मी चार स्क्रू काढले. आत मुठीएवढी मोटर बसलेली होती, तिचा बारीक पट्टा मागून पायडलच्या चाकापर्यंत गेलेला. वायर स्टँडच्या पायातून उतरून फरशीवरच्या चटईखाली गेली होती. आणि मोटरीशेजारी पडलेलं होतं ताईच्या आईच्या मशीनचं हँडल. त्याने ते काढून टाकलं होतं, कारण हाताने फिरणाऱ्या चाकापेक्षा आपोआप हलणारं पायडल जास्त घाबरवतं. ताईने ते हँडल उचललं आणि छातीशी धरलं.

वायर धरून मी मास्टरच्या खुर्चीपर्यंत गेलो. चटई उचलली. खाली पायाने दाबायचं बटण. मी मेन स्विच पुन्हा वर केला.

गोळ्यांवाली बाई गर्दीत होतीच. नवऱ्याचं डोकं दोन दिवस ठणकत होतं म्हणून ती पुन्हा विचारायला आली होती. मी तिलाच पुढे बोलावलं. “बाई, इथे पाय ठेवा. प्रश्न तुमचा, उत्तरही तुम्हीच द्या.”

तिने घाबरत पायाच्या अंगठ्याने बटण दाबलं. मशीन धडधडली. तिने पाय चटकन काढून घेतला, मशीन थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा चालली. ती मास्टरकडे वळली.

“मग परवा ‘बंद कर’ कोण म्हणालं?”

“लोकांना आधार मिळतो, बाई...” मास्टर पुटपुटला. “मी कोणाला बळजबरी केली का?”

“कोण म्हणालं ते सांग!”

तो चटई पुन्हा बटणावर ओढू लागला. बाई गर्दीतून वाट काढत थेट दवाखान्याच्या दिशेने धावली. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

मागून एक म्हातारे गृहस्थ नाराजीने बोलले, “तुमचं खरं असेल हो. पण मनाला बरं वाटत होतं, ते तुम्ही घालवलंत.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईच बोलली.

“आजोबा, मला किती बरं वाटलं असतं! आई गेल्यापासून एक दिवस असा जात नाही की मला ती हवीशी वाटत नाही. ती खरंच या मशीनमध्ये असती तर मी हिच्यासमोरून उठले नसते. पण ती नाही. मशीन विक, असं तिनेच मला सांगितलं होतं, जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने. आणि ह्याच्या एका बटणापायी मी पंधरा दिवस तिच्यावर संशय घेतला, की माझी आई माझ्यावर चिडलीय म्हणून. ते मला आता तिला सांगताही येणार नाही.”

माणसं एकेक करून बाहेर पडली. मास्टरने न सांगता फोन काढला आणि आमच्यादेखत तक्रार मागे घेतली. टाइप केलेला कागद मी फाडून टाकला. मशीन रिक्षात घालून आम्ही घरी आणली आणि ताईने त्याच संध्याकाळी त्याचे पैसे परत पाठवले. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, वस्तू परत आली की पैसे परत, हा माझा नियम आहे.

तक्रार मिटली तरी कंपनीचा एक रकाना विक्रेत्याला भरावाच लागतो. ‘वाद कसा मिटला, ते इतर ग्राहकांच्या माहितीसाठी थोडक्यात लिहा.’ ताई माझ्या दुकानातल्या बाकावर बसून बराच वेळ लिहीत होती. तिची गोष्ट लिहायची सवय मला माहीत, म्हणून मला वाटलं आता पानभर लिहील. तिने फोन माझ्या हातात दिला. एवढंच लिहिलं होतं.

“वस्तूत दोष नव्हता. वस्तूत कोणी नव्हतं. आत मोटर होती, ती खरेदीदाराने बसवली होती. कोणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर आधी खण उघडायला सांगा, आणि तो नाही म्हणाला तर घरी जा. यंत्राला विचारून औषधं बंद करू नका. माझी आई गेली आहे. तिला कोणीही काहीही विचारू नये.”

मी वाचून फोन परत दिला. तिने ‘पाठवा’ दाबलं.