पाच नणंदांचा रस

फ्रिजच्या खालच्या खणात अकरा बाटल्या होत्या. लितारानं त्या ओट्यावर मांडून पुन्हा मोजल्या. नऊ भरलेल्या, दोन रिकाम्या. सगळ्यांत नोनूच्या औषधी फळांचा आंबवलेला रस. झाकणं पाच तऱ्हेची.

"आई, हे सगळं तू पितेस?"

"थोडं थोडं," पेनीना खुर्चीतूनच म्हणाली. "तुझ्या पाचही आत्यांचा रोज एकेक पेला."

पाचही जणी मायदेशाहून, सामोआ बेटांवरून येणाऱ्या माणसांकडून रस मागवायच्या, समोर बसून पाजायच्या आणि बजावायच्या, "बाकीच्यांना सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेतील." नवऱ्याच्या बहिणीनं आणलेलं तोंडावर नाकारणं पेनीनाला चौतीस वर्षांत जमलं नव्हतं. हॉस्पिटलात नर्सनं आणखी कुठलं औषध घेता का विचारलं तेव्हाही शेजारी नणंद बसलेली. "दुसरं काही घेत नाही," असं सांगून ती मोकळी झाली होती.

लितारा प्रयोगशाळेत काम करायची. एक पेला साठ मिलिलिटर, पाच पेले तीनशे. आईच्या यकृताचा एएलटी नावाचा आकडा चाळीसच्या आत हवा. सोमवारी तो दोनशे चौदा आला होता. एकशेवीसच्या खाली उतरल्याशिवाय चौथी केमो द्यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. तिनं नर्सला फोन केला.

"रसामुळेच असेल असं नाही, औषधामुळेही असेल," नर्स म्हणाली. "पण आधी रस बंद करा. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू."

रविवारी चर्च सुटल्यावर पाचही आत्या जेवायला आल्या. लितारानं सगळ्या बाटल्या टेबलावर आणून मांडल्या होत्या.

"ही तुझी?" थोरल्या सौलाइनानं धाकट्या तासीला विचारलं.

"आणि ही तुमची! मला तर म्हणालात, रसबिस सगळं थोतांड!"

"तुझा थोतांडच. माझा नीट मुरलेला असतो."

पेनीनाला हसू आवरेना. हसता हसताच तिचे डोळे भरले. "वन्सं, मला आधीच मळमळतं हो. रस प्यायला की जास्तच. पण नाही कसं म्हणू तुम्हाला?"

सौलाइनानं हातातली बाटली खाली ठेवली. "वेडी कुठली! मग आम्ही काय नुसतं बघत बसायचं?"

"तिच्या तळपायांना मुंग्या येतात," लितारा म्हणाली. "हलक्या हातानं चोळलेलं चालेल, नर्सला विचारलंय. जोर नाही लावायचा हं, आत्या."

"मला शिकवतेस?" सौलाइना म्हणाली. "तू जन्मलीस तेव्हा तुला पहिलं तेल मीच लावलंय, टिचभर होतीस!"

पाळ्या ठरल्या. रोज संध्याकाळी एक नणंद येई, खोबरेल कोमट करी, पेनीनाचे पाय मांडीवर घेई आणि बाकी चौघींच्या चहाड्या सांगत बसे. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण ऐकता ऐकता पेनीनाचा डोळा लागे. बऱ्याच दिवसांनी ती भातही मागून खाऊ लागली.

रस बंद झाल्यापासून नवव्या दिवशी तासीनं पिशवीतून हळूच एक छोटी बाटली काढली. "एवढासाच. कुणाला कळणार नाही."

पेनीनानं पाय तिच्या मांडीवर तसेच राहू दिले. "नको गं, तासी," ती म्हणाली. "टाच राहिलीय बघ."

तासी थोडा वेळ गाल फुगवून बसली. मग बाटली परत पिशवीत टाकून तिनं तेलात बोटं बुडवली.

चौदाव्या दिवशी रक्त घेतलं. एएलटी सत्त्याऐंशी.