भिंतीवरचे उघडे दार

मित्रांनो, मी एक भिंत आहे, हे आधीच सांगून टाकते; कारण पाहणारे मला दार समजतात.

कुरुंद्यातल्या शीतलच्या घरी माझ्यासमोरची खोली इतकी अरुंद, की पाहुण्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. म्हणून शीतलने संतराम पेंटरला बोलावले. त्याने माझ्या मधोमध खिळा ठोकला, त्याला दोरा बांधला आणि तो ताणून ताणून सगळ्या रेषा त्या खिळ्याकडे नेल्या. बघता बघता माझ्यावर उघडे दार, पलीकडे अंगण आणि तिथे वाळत घातलेली हळद दिसू लागली. खोली ऐसपैस वाटू लागली. शेजारीपाजारी पाहायला यायचे, आणि खोटे कशाला बोलू, मी चांगलीच फुशारले होते.

मग एक दिवस एक चिमणी माझ्या अंगणाकडे झेपावली, आपटून पडली, ती उठलीच नाही. घरचे हळहळले आणि विसरले. माझ्या मनात मात्र भीतीने घर केले.

शीतलच्या सासूबाई पद्माबाई तेव्हा लेकीकडे पुसेगावला होत्या. त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते; दुसरा अजून धूसरच होता. आल्यावर चकित होतील, म्हणून शीतलने चित्राचे कुणालाच सांगू दिले नाही.

त्या आल्या. शीतल चहा टाकायला गेली. पद्माबाई माझ्याकडे पाहून हसल्या.

"मागं दार काढलं व्हय? बरं केलं," म्हणत त्या चालू लागल्या.

मला ती चिमणी आठवली. भिंतीला कान असतात म्हणे, पण तोंड कुठे असते? मला ओरडता येईना, मागे सरकता येईना. तो नवा डोळा सरळ माझ्या रोखाने येत होता.

उंबरा ओलांडताना चौकट धरायची त्यांची सवय, म्हणून त्यांनी हात पुढे केला. हाताला मी लागले.

डोळा वाचला. पण समोर अंगण दिसत होते आणि हाताला भिंत लागत होती. पद्माबाई खाली बसल्या.

"शीतल, माझा डोळा गेला गं."

"न्हाई आत्या, डोळा बराबर हाय तुमचा. चित्र हाय ते. मी सांगाया पायजे होतं."

त्यांना पटले, त्या हसल्याही. पण तेव्हापासून खऱ्या दाराशीसुद्धा त्या आधी हवेत हाताने चाचपतात.

मित्रांनो, घर हौसेने सजवा. पण ज्याला कमी दिसते, त्याला आधी हाताला धरून ते दाखवा. शीतलने बोलावल्यावरून उद्या संतराम या चित्रावर मारायला पांढरा रंग घेऊन येणार आहे. पुसले जायची मला भीती वाटते. तरीही जाऊ दे माझे अंगण. पद्माबाई एकदा हवेत न चाचपता दाराबाहेर पडू देत.