पुण्यवान भाकरी

मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. पेठहून जीपने तासाभराची चढण चढून यावं लागतं असा हा पाडा. एरवी ग्रामसभेला सात टाळकी जमत नाहीत, आणि आज लेकुराबाळांसकट सगळे हजर! का, तर तेजोनाथ महाराजांचा दिवा म्हणे माणसाचं पापपुण्य ओळखतो.

योगिनी जीपमधून उतरली ती थेट गर्दीत घुसली. नाशिकला एका आयटीआयमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सकाळीच जीपवाल्या हिरामणचा फोन आला होता, "ताई, तुझ्या आत्याला आज भुताळी ठरवणार हायत. लवकर ये." आत्या म्हणजे भागीबाई. नवरा गेल्यावर भाताची चार खाचरं तिने एकटीने राखली होती. त्या खाचरांवर पुतण्याचा, मल्हारीचा, डोळा होता आणि महाराजांना पाड्यावर आणणाराही तोच. तिच्या हाताने दिवा पेटला नाही, तर ती चेटूक करणारी भुताळी आणि म्हातारीने आजच पाडा सोडायचा, असं ठरलं होतं.

पाटावर तांब्याच्या दोन पादुका. मागे भगव्या कापडात गुंडाळलेली पेटी, पेटीवर बोटभर काचेचा दिवा. एका पादुकेवर डावा हात ठेवायचा, दुसरीवर उजवा.

"लेकरांनो, हा दिवा तेलावर जळत नाही, चैतन्यावर जळतो!" महाराज गरजले. "परदेशातले शास्त्रज्ञ या पेटीपुढे हात जोडून उभे राहिले!"

परदेशी शास्त्रज्ञांना या पेटीची वाट कुणी दाखवली, हे विचारायची छाती कुणाला होती!

पहिला मान मल्हारीचा. महाराजांनी त्याच्या ओंजळीत तीर्थ ओतलं, त्याने ओले हात टेकले आणि दिवा लख्ख पेटला. "पुण्यात्मा!" महाराज म्हणाले. मग आली शेजारची लंकाबाई. तिलाही तीर्थ मिळालं, पण बाईची सवय, हात पदराला पुसले. दिवा नुसता मिणमिणला.

"देव विचारात पडलाय. शनिवारी नारळ घेऊन ये."

वा रे देव! विचार करायला त्याला नारळ लागतो.

योगिनीच्या कपाळावरची आठी मात्र गेली. लख्ख आणि मंद, दिव्याच्या या दोन्ही तऱ्हा ती दरवर्षी पोरांना टेबलावर करून दाखवते. तिसरी राहिली होती.

भागीबाई पुढे आली. "तुला तीर्थ नाही. तुला भस्म!" महाराजांनी चिमूटभर राख दिली. जन्मभर राखेने भांडी घासणाऱ्या म्हातारीला वाटलं, देवाला हात लावायचा तर चांगला स्वच्छ करावा. तिने मनोभावे दोन्ही तळवे खसाखसा चोळले. विळा धरून घट्टे पडलेले हात, त्यावर कोरडी राख. तिने ते पादुकांवर टेकले. दिवा ढिम्म.

"भुताळी!" पहिली आरोळी मल्हारीचीच.

"बाबा, हात लय घासले की मी..." भागीबाईने तळवे सगळ्यांपुढे धरले. मागे कुणीतरी दगड उचलला.

योगिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती आत्यापुढे जाऊन उभी राहिली. "थांबा! महाराज, माझ्याकडे एक भक्त आहे. त्याची परीक्षा घ्या." तिने आत्याच्या शिदोरीच्या फडक्यातून नागलीची शिळी, कडक भाकरी काढली आणि दोन्ही पादुकांवर आडवी ठेवली. दिवा पेटला नाही.

"पापी भाकरी!" कुणीतरी खिदळलं.

योगिनीने तीच भाकरी तीर्थात बुचकळली आणि परत ठेवली. दिवा लख्ख!

"घ्या, भाकरी पुण्यात्मा झाली! पडा पाया." तिने तीर्थात बोट बुडवून जिभेला लावलं. "मिठाचं पाणी आहे हे. मल्हारीदादा, ये. हात पुसून भस्म लाव."

मल्हारी मागे सरकायला लागला. पण लोकांनीच त्याला पुढे ढकललं. राख चोळून त्याने हात ठेवले. दिवा बंद. ज्याच्या हातात दगड होता, त्याने तो गुपचूप खाली टाकला.

"ध्यानाची वेळ झाली," म्हणत महाराज पेटी उचलू लागले. हिरामणने भगवं कापड ओढलं. आत एक बॅटरी, चार तारा आणि तीन पायांचा वाटाण्याएवढा काळा तुकडा. हेच ते चैतन्य!

"याला ट्रान्झिस्टर म्हणतात," योगिनी म्हणाली. "खाचरातलं पाणी सोडायच्या मोरीसारखा समजा. बॅटरीची वीज या हातातून त्या हातात येते आणि इथे साठते. बांधाच्या उंचीइतकी चढली तरच मोरी उघडते, दिवा लागतो. तळाला एक बारीक गळती मुद्दाम ठेवलीय. कोरड्या हातातून थेंब थेंब येतं ते तिथूनच निघून जातं, मोरी बंदच. जरा दमट हात असला तर मोरी अर्धवट उघडते, दिवा मंद. खारट ओला हात लावला की ती सताड उघडते. मग आणखी तांब्याभर तीर्थ ओता, दिवा त्याहून जास्त पेटत नाही. कुणाला पुण्यात्मा करायचं आणि कुणाला भुताळी, ते या डब्याने ठरवलं नाही. तीर्थ कुणाला आणि राख कुणाला, हे वाटणाऱ्याने ठरवलं. आणि बाईला भुताळी म्हणून गावाबाहेर काढणं हा गुन्हा आहे. मी पोलिसांना फोन केलाय."

महाराज जीपकडे पळाले. पण जीपची किल्ली हिरामणच्या खिशात होती.

एवढं झालं, तरी लंकाबाई भागीबाईच्या कानाशी लागलीच. "भागी, आता वल्ल्या हातानं एकदा पेटव ना. म्हणजे भुताळीचं नाव पुसलं जाईल."

खारं पाणी कळलं, मोरी कळली, तरी निकाल मागायचा तो डब्याकडेच! कपाळावर हात मारून घ्यावा अशी ही श्रद्धा. अरे, तुमच्या पाड्यातली अर्धी पोरं जिच्या हातावर जन्मली, ती बाई कशी आहे हे तुम्हाला बॅटरीने सांगायचं? डोळे आहेत, डोकं आहे, ते कधी वापरणार?

भागीबाईने पादुकांवरची ओली भाकरी उचलली, झटकली आणि फडक्यात बांधली.

"नाय लावणार," ती म्हणाली. "लंके, तुझी तिन्ही बाळंतपणं याच हातांनी केली. तवा कुठं दिवा बघितला व्हतास?"