जमालच्या उजव्या डोळ्यातला पाहुणा

मी जमालच्या उजव्या डोळ्यावरचा पडदा बोलतोय. बुबुळाच्या वर घड्याळाच्या काचेसारखी एक स्वच्छ काच असते, तीच मी. डॉक्टर मला कॉर्निया म्हणतात. मी स्वतः काही बघत नाही, लोक माझ्यातून बघतात. काच नीट असेपर्यंत तिची आठवण कुणालाच येत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

जमाल मालवणचा, पण माझा जन्म तिथला नव्हे. मी घडलो कोल्हापुरात, नर्मदाबाईंच्या डोळ्यात. त्या गजरे विकायच्या. सत्तर वर्षं त्यांनी माझ्यातून सुईत दोरा ओवला. त्या गेल्या तेव्हा घरात रडारड चालली असतानाच मोठ्या सुनेने नेत्रपेढीला फोन लावला. "आत्तींनी सांगून ठेवलंय," एवढंच ती म्हणाली. त्या सुनेला मी अजून विसरलो नाही.

जमाल तेव्हा एकवीस वर्षांचा होता. घरची होडी, मासेमारीचा धंदा. लहानपणापासून त्याचे डोळे खाजायचे आणि तो मुठी वळून, मासळीच्या खारट हातांनी ते चोळायचा. "चोळू नको रे," म्हणून त्याची आई खैरुन्निसा ओरडायची. पण खाजेपुढे कोण शहाणा? त्याचा पडदा मुळातच नाजूक होता, त्यात हे चोळणं. तो पातळ होत होत लिंबाच्या टोकासारखा पुढे आला. या आजाराला केरॅटोकोनस म्हणतात. उजव्या डोळ्यावर तर व्रणच पडला, म्हणून मधला भाग कापून तिथे मला बसवलं आणि केसाहून बारीक दोऱ्याने गोल शिवलं.

डाव्या डोळ्याचा आजार मात्र वेळीच सापडला. त्या पडद्यावर जीवनसत्त्वाचे थेंब घालून निळसर प्रकाश सोडला. त्याने पडदा कडक होतो आणि आजार जागच्या जागी थांबतो. तो शेजारी अजून तिथेच आहे, जवळचं चष्म्यावर भागवतो, लांबची अक्षरं मात्र त्याला जमत नाहीत. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटतो. तो घरचा आहे.

"हा पडदा सांभाळलात तर पंधरा-वीस वर्षं जाईल," कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. "जन्माचा सोबती आहे असं मी म्हणणार नाही. आणि डोळ्याला मार लागू देऊ नका. कितीही वर्षं गेली तरी शिवण उसवू शकते."

भर समुद्रात दोरीचा एक फटका पुरे. जमालने होडी सोडली आणि तारकर्लीला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला बसला. डोळ्यावर कायम मोठा गॉगल. माणसं त्याला हिरो म्हणून चिडवायची. तो हसायचा, पण होड्या सुटायच्या वेळी पाठ फिरवून बसायचा. तेव्हा माझ्यावर पाणी साचायचं, ते मला कळायचं.

शरीराने मला परकं मानू नये म्हणून रोज डोळ्यात थेंब घालावे लागत. तिसऱ्या वर्षी रमजानात त्याने दिवसाचे थेंब बंद केले. डोळा लाल झाला तरी तो गप्प. इफ्तारीला बसल्यावर बल्बभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसायला लागली, तेव्हा कुठे आईला बोलला.

"औषध घशात उतरता. कडू लागता. रोजो मोडतलो."

खैरुन्निसा त्याला तशीच मशिदीत घेऊन गेली. म्हातारे मौलवी म्हणाले, "डोळ्यातल्या थेंबान रोजो मोडणा नाय रे. माका आधी इचारूचा होता."

तोवर त्याच्या शरीराला आठवलं होतं की हा पडदा आपला नव्हे. डॉक्टरीणबाईंनी धावपळ करून मला वाचवलं. पण माझ्या आतल्या अंगाला बारीक पेशी असतात. होडीतलं पाणी उपसणाऱ्या माणसांसारखं त्यांचं काम. त्यातल्या निम्म्या त्या महिन्यात गेल्या आणि गेलेल्या परत येत नाहीत. उरलेल्यांनी पुढची पंधरा वर्षं ओढून नेली. त्यात जमालचं लग्न झालं, तस्नीम झाली. तिचा चेहरा त्याला पहिल्यांदा दाखवला तो मी.

गेल्या वर्षीपासून मात्र मी गढूळ झालोय. सकाळी तर नुसतं धुकं. कुडाळला डॉक्टरीणबाईंकडे जायचं तर बसची पाटी वाचायला जमाल तेरा वर्षांच्या तस्नीमला घेऊन गेला. तपासणी झाली. बाई म्हणाल्या, "या पडद्याचं आयुष्य संपत आलं. दुसरा बसवावा लागेल."

परतताना स्टँडवर तस्नीमने डोळे बारीक केले, चोळले, पुन्हा बारीक केले. "हीच आपली गाडी, अब्बा. चढ."

कंडक्टर येईपर्यंत गाडी बरीच पुढे गेली होती. "मालवण? ही वालावलची गाडी आसा," तो म्हणाला.

वालावलच्या देवळाजवळ दोघं उतरली. परतीच्या गाडीला वेळ होता.

"तुका पाटी दिसली नाय?" जमालने विचारलं.

"दिसली. पण अक्षरां एकावर एक चढलेली दिसतत."

जमालने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. मग म्हणाला, "रात्री दिव्याक शेपूट दिसता?"

"हो. सगळ्यांकाच दिसता ना?"

मी गढूळ खरा, पण त्या क्षणी जमालला सगळं लख्ख दिसलं. त्यानेही लहानपणी असंच विचारलं होतं आणि घरात सगळे हसले होते. तो घरी गेलाच नाही. पुन्हा कुडाळ. दवाखाना बंद होत होता, तो दारात उभा राहिला.

बाईंनी तस्नीमचे डोळे मशीनवर तपासले. दोन्हीकडे तेच. "पडदा अजून पुरेसा जाड आहे," त्या म्हणाल्या. "प्रकाशाचा उपाय आत्ताच केला तर बहुतेक इथंच थांबेल. फार पातळ झाल्यावर आला असतात, तर तोही हातचा गेला असता."

"अब्बाचा आधी करा," तस्नीम रडकुंडीला येऊन म्हणाली.

"माझो डोळो थांबात," जमाल म्हणाला. "तुझो थांबणा नाय."

उपाय झाला. सुरुवातीचे दिवस तिला फार दुखलं. ती झोपेत डोळे चोळील म्हणून खैरुन्निसा तिचे हात धरून शेजारी झोपली. लेकाच्या वेळी नुसती ओरडले, असं ती सुनेला म्हणाली. तस्नीमची नजर त्याने सुधारली नाही, तिला चष्मा लागलाच. पण परवाच्या तपासणीत पडद्याचा नकाशा वर्षापूर्वी होता तसाच निघाला. बाई म्हणाल्या, दाखवत मात्र राहा.

आता माझी पाळी. उद्या कोल्हापुरात मला काढणार आणि कुणा दुसऱ्याचा पडदा इथे शिवणार. त्याच्या घरीही एखादी सून फोन लावायला उठली असेल. त्या नव्या पडद्याला माझं एवढंच सांगणं की जमाल माणूस चांगला आहे, औषध वेळेवर घालतो आता. आणि तस्नीम, राग मानू नकोस, पण माझ्यासारखा पाहुणा तुझ्या डोळ्यात कधीही येऊ नये.

मघाशी ती अब्बासमोर बसली होती. डोळा खाजला असावा. माझ्या धुक्यातूनही जमालला तिचा हात वर जाताना दिसला. हात अर्ध्यावर थांबला, आणि तिने तो ओढणीखाली घेऊन मांडीवर दाबून धरला.

मी त्याला दाखवलेलं हे शेवटचं.