अकोट रस्त्यावरच्या जीपचा दम

"बाबा, आपली जीप बिड्या ओढते काय?"

विचारलं एकदाचं! भागीरथेनं डोळे गच्च मिटून घेतले. कुंपणाआड शेजारची बेबी आणि तिच्या दोन बहिणी तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. बाबांना, म्हणजे पुंजाजींना, हा प्रश्न समोरासमोर विचारला तर ओंजळभर फुटाणे! आठवी पास झाल्यापासून भागीरथा कुणाला भीत नव्हती, पण बाबांची गोष्ट वेगळी. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली एक जीप घेऊन ते अकोला ते अकोट सवाऱ्या नेत, आणि तिची कुणी थट्टा केली तर दोन दिवस घरात कुणाशी बोलत नसत.

त्यात आज जीपचा घरातला शेवटचा दिवस. महिनाभर ती काळाकुट्ट धूर ओकत होती, जरा चढ आला की सवाऱ्यांना उतरून ढकलावं लागे. चार वाजता अकोटचे नत्थुजी तिला विकत न्यायला येणार होते. जीप गेली की कमाई बंद, बिऱ्हाड मामाच्या गावी. आणि मामाच्या गावची शाळा सातवीतच संपत होती! पुढं शिकायचं कुठं, गोठ्यात?

बाबा रागावले नाहीत. बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "बिड्या नाई ओढत व पोरी. म्हातारी झाली. दम लागते तिले."

"दम लागते म्हंजे श्वास घेते? कुठून?"

असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी झटकन बॉनेट उघडलं आणि एका गोल डब्यावर टिचकी मारली. "हा एअर क्लीनर. पह्यलेचा फुटला, तं हा नागपूरहून आणून बसवला. खाली वाटीत तेल, वर तारेची जाळी. धूळ तेलात बसते आन् साफ हवा इंजिनात जाते. दर इतवारी घासलेटनं वाटी धुतो मी."

"उघडून दाखवा ना!"

खिट्ट्या निघाल्या, झाकण निघालं. जाळीवर काळं, चिकट, उशीसारखं काहीतरी ठासून बसलेलं.

"हे काय व माय!"

"रुई!" बाबांची छाती फुगली. "कापसाच्या जिनातली, एक नंबर. महिन्याआधी बैलगाड्यांनी लय फुफाटा उडवला, तं म्या म्हटलं, तेलाच्या भरोश्यावर कायले राहाचं? दाबून भरली. आता एक कण जात नाई आत!"

बाबांचा रुईवर भारी विश्वास. कान दुखला, रुई. खिडकीतून वारा आला, रुई. एकदा शेजारच्या केशवरावांचा रेडिओ खरखरला, तर त्यातही कोंबायला निघाले होते.

भागीरथेची नजर मात्र त्या काळ्या गोळ्यावर खिळली. रोज संध्याकाळी कंदिलाची काच तीच पुसायची. खालच्या भोकांत कचरा अडकला की वात कशी धुसफुसते आणि काच कशी काळी होते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"बाबा! धूर बी महिन्यापासूनच ना? कण जात नाई, तशी हवा तरी कुठं जाते? नाका-तोंडात रुई कोंबून तुमी पळाल काय?"

बाबा वाकून डब्यात पाहू लागले. तोवर हिनं बोटं घालून गोळा उपसलासुद्धा! आई, सुंदराबाई, बाहेर आल्या आणि ओरडल्या, "अवो, पोट्टीचा परकर पाहा!" पण घासलेटची बाटली त्यांनीच आणून दिली. भागीरथेनं जाळी घासलेटात तीनदा खळबळली, निथळत ठेवली, वाटीतला आठवड्याचा चिखल खरवडला आणि नवं तेल ओतायला घेतलं.

"तेल रेघेपर्यंतच," बाबा हळूच म्हणाले. "जास्त झालं तं इंजिनच पिऊन टाकते."

झाकण बसलं. बाबांनी किल्ली फिरवली. भक्! काळा ढग उठला. पुन्हा भक्. आणि मग धूर पांगला आणि जीप अशी गुरगुरायला लागली की बेबी कुंपणावरून उडी मारून थेट मागच्या बाकावर! सगळ्याजणी चढल्या. वस्तीमागच्या टेकाडावर जीप न ढकलता चढली, उतरली, बाबांनी मुद्दाम पुन्हा चढवली. भागीरथा हसून हसून पडायचीच बाकी होती.

परत आले तर दारात नत्थुजी उभे.

"अरे वा, मस्त चालून राहिली! द्या किल्ली."

"विकाची नाई, भाऊ," बाबा म्हणाले. "च्या घ्या."

चहा पिऊन, कुरकुरत नत्थुजी गेले. घासलेटचा वास येणारे हात कमरेवर ठेवून भागीरथा आईबाबांसमोर उभी राहिली.

"ऐका दोघंबी. सोमवारी शाळा उघडते. मास्तरीणबाई मुलींना गृहशास्त्र घ्या म्हणतात. मी नववीत गणित आन् शास्त्र घेणार. मुलांच्या वर्गात एकटीले बसा लागलं तरी बसीन. सांगून ठेवते, विचारून नाई राहिली!"