मास्तर पारख शिकतात

मुरूमच्या शाळेत पाशामियाँ मास्तरांनी तिजारतीचा, म्हणजे व्यापाराचा, वर्ग काढला, तेव्हा गावानं त्यांचं कौतुक केलं. व्यापारी पत्र उर्दूत कसं लिहायचं, इंग्रजीत कसं लिहायचं, तार कशी करायची, सगळं ते जीव तोडून शिकवत. पण दोन वर्षांत चौदा पोरं पास झाली आणि चौदाही घरीच बसली. पेठेतल्या दुकानांत मालकांचे पुतणे नि भाचे आधीच बसलेले.

एका बाजारच्या दिवशी, पहिल्या नंबरानं पास झालेला बलभीम त्यांना कडब्याची गाडी हाकताना दिसला.

"पत्रं अजून पाठ हायत मास्तर," तो खाली बघत म्हणाला, "पर दुकानदार इचारतेत, माल वळखाया येतोय का? काय सांगू म्या?"

हे मास्तरांना लई लागलं. दुसऱ्या दिवशी ते थेट कल्याणप्पांच्या जिनात गेले. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा हा कारखाना. त्याच्या गाठी सोलापूरच्या गिरण्यांना जायच्या.

"आप्पा, माझी पोरं आठवड्यातनं दोन दिवस तुमच्याकडं येऊ द्या. काम शिकतील, तुम्हालाही हाताशी माणसं मिळतील."

कल्याणप्पांनी दोन मुठी रुई त्यांच्यापुढं ठेवली. "ह्यातली चांगली कुठली?"

मास्तरांनी पांढरीशुभ्र उचलली. सगळं जीन खदखदून हसलं.

"ती नुसती दिसाया गोरी हाय, धागा आखूड," कल्याणप्पा म्हणाले. "राग मानू नका, पर जे तुमाला येत न्हाय, ते पोरांना कसं येणार? आदी तुमी शिका, मग पोरं आणा."

मास्तरांचे कान तापले. शाळेतला मुदर्रिस, चाळिशी उलटलेली, आणि मजुरांत बसायचं? वाटेत त्यांनी तीनदा ठरवलं की जायचं नाही. पण बलभीमची खाली गेलेली मान काही डोळ्यांपुढून हलेना. सुट्टी लागली त्याच दिवशी ते जिनाच्या दारात उभे राहिले.

कल्याणप्पांनी त्यांना हुसेनबीच्या हाती सोपवलं. पन्नाशीची ही बाई वीस वर्षं कापूस निवडत होती. अक्षर ओळखत नव्हती, पण गाडी दारात आली की कापूस कुठल्या शिवारातला ते सांगायची.

"डोळ्यानं न्हाय मास्तर, अंगठ्यानं बघा," ती म्हणायची. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायची, पुन्हा जुळवून ओढायची. मग धाग्याची लांबी आपोआप बोटांवर दिसायची. मास्तरांचा धागा पहिले आठ दिवस तुटतच राहिला. ती रागावली नाही. "माझाबी तुटायचा," एवढंच म्हणाली.

महिना सरता सरता त्यांना ओला कापूस वासावरनं कळायला लागला. कल्याणप्पांनी पुन्हा दोन मुठी पुढं ठेवल्या. मास्तरांनी अंगठ्यानं ओढून बघितलं नि मळकट दिसणारी उचलली.

"आणा पोरं," कल्याणप्पा म्हणाले.

शाळा उघडली. पोरं दोन दिवस जिनात जाऊ लागली. बलभीमलाही मास्तरांनी बोलावून घेतलं. आठवड्यातला एक दिवस हुसेनबी वर्गावर येणार, असंही त्यांनी ठरवलं. सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, चिडले, "अंगठा उठवणारी बाई आमच्या खुर्चीवर?"

"खुर्ची राहू द्या साहेब," मास्तर म्हणाले, "आम्ही व्हरांड्यात बसतो." आणि बसले. हुसेनबी मधे, भोवती पोरं, आणि पोरांतच मास्तरही.

पौषात सोलापूरच्या एका गिरणीचं इंग्रजी पत्र आलं: गाठींत आखूड धाग्याची भेसळ आहे, पुढचा माल घेणार नाही. कल्याणप्पांचा मुनशी म्हणाला, "लिहून टाकू, आमचा माल चोख हाय."

"आधी बघू तरी," बलभीम म्हणाला. तो आणि हुसेनबी जिनात मागं उरलेल्या गाठी दोन दिवस उसवत बसले. एका गावच्या मालात खरोखरच भेसळ निघाली. कल्याणप्पांना विचारून बलभीमनं पत्र लिहिलं: चूक आमची आहे, सदोष गाठी परत घेतो, सोबत निवडलेल्या रुईचे नमुने जोडले आहेत. मास्तरांनी वाचलं. एक शब्दही बदलावा लागला नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. गिरणीनं पुढचा माल मागवला होता, आणि यापुढं प्रत्येक खेपेबरोबर असेच नमुने हवे होते.

"हे काम आता तूच बघायचं," कल्याणप्पा बलभीमला म्हणाले. "उद्याच्यान कामावर ये." मग मास्तरांकडं वळले, "औंदाच्या वर्गातली दोघं माझ्यासाठी ठेवा. माझा पुतण्या रुसला तर रुसू दे."

बलभीमनं आधी हुसेनबीच्या, मग मास्तरांच्या पायाला हात लावला. मास्तरांनी नेहमीसारखं 'शाबास' म्हणत त्याला उठवलं.

त्या आठवड्यात तेलगिरणीचे शिवलिंगप्पा शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. "मास्तर, आमच्याकडंबी पोरं धाडा की. पर शेंगदाण्यातलं तुमाला काय कळतंय?"

"काहीच नाही," मास्तर हसत म्हणाले. "सकाळी किती वाजता येऊ?"