पाला जिभेवर, पाला दाढेखाली

गुरुवारी कामरगावच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जीपगाड्या लागल्या, की समजायचं, विषहारी महाराजांचा दरबार भरला. शेताच्या बांधावर मंडप, मंडपात नारळांचा ढीग आणि ढिगामागं साक्षात महाराज. कपाळभर भस्म, गळ्यात प्लास्टिकचा नाग. नाग प्लास्टिकचा का, असं एका आगाऊ माणसानं विचारलं होतं. खरा नाग महाराजांना भिऊन जवळच येत नाही, असं उत्तर मिळालं. यावर काय बोलणार, कपाळ! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

महाराजांचा चमत्कार एकच, पण दणदणीत. साप चावलेल्या माणसाला समोर बसवायचं, पितळी लोट्यातल्या तीर्थात बुडवलेलं कडुलिंबाचं पान त्याच्या जिभेवर ठेवायचं आणि गरजायचं, “गोड लागून राह्यला ना पाला?” माणूस थरथरत मान हलवायचा. कडुलिंब गोड लागला म्हणजे अंगात विष भिनलं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मंडपात शहारा उठायचा. मग मोरपिसांचा झाडू अंगावरून फिरायचा आणि मंत्र सुरू व्हायचा, “नाग फट्, फणी फट्, चढला तसा उतर झट्!” शेवटी फांदीचं ताजं दुसरं पान. “आता चाव! कसा लागते?” माणूस तोंड वाकडं करून ओरडायचा, “कडू! लय कडू!” उतरलं विष. फोडा नारळ.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सामाजिक संशोधनाच्या पद्धती नावाचा पेपर आहे, तो माझ्या गळ्यात. नमुना कसा निवडायचा, प्रश्न कसा विचारायचा, निरीक्षण कसं टिपायचं, असं सगळं त्यात असतं. मुलांना तो फार आवडतो, कारण मागच्या बाकावर झोप छान लागते. पण प्रोजेक्ट करावाच लागतो. तेव्हा मी विषय दिला, आपल्या भागात साप चावला की लोक काय करतात.

अंकुर आणि सुचिता या दोघांचा एक गट होता. अंकुर म्हणजे डोळ्यांवर आलेले केस आणि हातात कायम मोबाइल. सुचिता भाजीवाल्या माळ्याची मुलगी, पहाटे वडिलांबरोबर मेथी काढून मग कॉलेजला येणारी. दोघांनी महाराजांच्या मंडपाच्या दारात उभं राहून सर्व्हे केला. प्रश्नावली अंकुरची. पहिलाच प्रश्न असा, “महाराजांच्या कृपेने आपल्याला गुण आला का?” ज्याला ज्याला विचारलं, त्यानं हो म्हटलं. निष्कर्षाचं वर्तुळ त्यानं सबंध भगव्या रंगात रंगवून आणलं होतं. टक्के शंभर.

“वा!” मी म्हटलं. “अंकुर, गुरुवारी त्या दारात नारळ घेऊन कोण येतं?”

“ज्याले गुण आला तो, सर.”

“आणि ज्याला नाही आला, तो?”

अंकुरनं मान खाजवली. “तो कायले येईन सर? तो तं मेला असंन.”

“मग त्याला विचारलंस का?”

वर्ग खोखो हसला. अंकुरही हसला, कारण त्याला वाटलं मी विनोद केला. मी त्याच्या वहीवर लिहिलं, महाराज सगळ्यांना गुण देतात, मला मात्र एकही देता येत नाही, प्रोजेक्ट पुन्हा करा. सूचक प्रश्न म्हणजे काय हे तिसऱ्यांदा समजावून सांगितलं. उत्तर प्रश्नातच कोंबलं, की समोरचा माणूस बिचारा फक्त मान हलवतो.

पण उशीर झाला होता. या पठ्ठ्यानं प्रोजेक्टची एक प्रत आधीच महाराजांच्या पायावर घातली होती. पुढच्या गुरुवारी मंडपावर भलामोठा फ्लेक्स झळकला. “आता कॉलेजच्या संशोधनातही सिद्ध! शंभर टक्के गुण!” खाली दोन्ही संशोधकांचे फोटो. अंकुरनं त्याचं स्टेटस ठेवलं. सुचिता मात्र रडवेली होऊन आली.

“सर, बाया माह्या फोटोले कुंकू लावून राह्यल्या.”

“मग आता काय करशील?”

“पुन्हा करते. घरोघरी जाऊन. अन कृपा-बिपा काढून टाकते प्रश्नातून.”

आणि तिनं केलंही. कॉलेज सुटलं की गावातल्या घरोघर आणि जवळच्या तांड्यावर ती फिरायची. एकच साधा प्रश्न, साप चावला होता तेव्हा काय काय झालं? अशीच ती सीताबाईच्या ओसरीवर बसली. सीताबाईचा नवरा चंपत सर्पदंशानं गेला होता.

“पैले महाराजाकडंच नेलं मालकाले,” सीताबाईनं सांगितलं. “दुसरं पान कडू लागलं, इष उतरलं, घरी आलो. मंग जीभ जड पडली तं पुन्हा नेलं. महाराज म्हने, माह्यं काम झालं, आता दवाखान्यात न्या. दवाखान्याच्या फाटकातच जीव गेला.”

“म्हंजे महाराजाचा गुण नाई आला ना मावशी?”

“असं काहून म्हन्ते? गुण तं आलता ना. दवाखान्यानं मारलं त्यायले.”

सुचितानं हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा कोणी हसलं नाही. मला मात्र संताप आवरेना. काय धंदा आहे पाहा! आपल्याकडं चावणारे बहुतेक साप बिनविषारी, धामण आणि दिवड. विषारी सापही कधी नुसता दात मारून विष न सोडता जातो. ही माणसं लिंबाच्या झाडाकडं नुसती बघत बसली असती तरी जगली असती. ती जगली की महाराजांनी वाचवली. ज्याला खरंच विष चढलं, त्याला मरायला टेकल्यावर दवाखान्यात ढकलायचं. तो तिथं गेला की दवाखान्यानं मारला. म्हणून गावात दवाखान्याची भीती आणि महाराजांचा भरवसा, दोन्ही एकदमच वाढतात.

“एकदा त्याचं पान देणं नीट बघून ये,” मी सुचिताला म्हटलं. “बोलू नकोस. फक्त बघ.”

ती एका गुरुवारी पूर्ण दुपार मंडपात बसून आली. काय दिसलं ते मला सांगायच्या आतच तिचा फोन आला, सोमवारी सकाळी.

“सर, बाबांले साप चावला! वांगे तोडता तोडता. किशनकाकानं जीपमदी टाकून महाराजाकडं नेलं. मी दवाखाना दवाखाना म्हणून राह्यली, कोणीच आयकत नाई. तुमी या ना सर!”

मी मोटारसायकल काढली आणि निघालो.

गुरुवार नव्हता, पण साप चावल्याची बातमी गावभर झाली होती; मंडपात तोबा गर्दी. सुचिताचे वडील रामधन भावाच्या, म्हणजे किशनच्या छातीला टेकून बसवलेले. पहिलं पान होऊन गेलं होतं, मंत्रही झाला होता. महाराजांनी दुसरं पान रामधनच्या दातांत कोंबलं आणि गरजले, “कसा लागते?” रामधनचे ओठ थोडे हलले. किशननं त्याच्या तोंडाशी कान नेला आणि एकदम ओरडला, “कडू म्हन्ते! कडू म्हन्ते दादा!”

टाळ्या! महाराजांनी दोन्ही हात वर केले. “उतरलं! आता झोपू द्या त्याले. डोये जड झाले म्हंजे जीवाले शांती मियून राह्यली.”

“ही शांती नाई!” सुचिता पुढं घुसली. “आई, पाह्य ना, पापन्या उघडत नाई त्यायच्या. इष चढून राह्यलं. चाल दवाखान्यात.”

तिची आई ललिताबाई नवऱ्याचे पाय धरून बसली होती. ती एकदम फिरली. “चंपतभाऊले नेलं ना दवाखान्यात? आला का वापस? अन तूच छापलं ना तिथं वर, शंभर टक्के! आमी अडानी, तू शिकलेली, तुह्याच भरवशावर इथं आनलं यायले. आता बापाच्या जिवावर आलं तं शब्द फिरवते?”

सगळ्यांनी वर फ्लेक्सकडं पाहिलं. फोटोतली सुचिता हसत होती. खालची पांढरीफटक पडली होती. मी आरडाओरडा केला, विष श्वास बंद करतं, वेळ जातोय, म्हणून सांगितलं. महाराजांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मास्तर, तुमच्या पुस्तकात मंत्र हाय का?”

“नाही.”

“मंग बसा मांगं.”

लोक हसले. माणूस मरतोय आणि लोक हसताहेत! त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

तेवढ्यात सुचितानं वाकून लोट्यातलं एक पान उचललं. “आई, जीभ काढ.” ललिताबाई गोंधळून गेली होती, तिनं जीभ काढली. सुचितानं पान जिभेवर ठेवलं. “चावू नको. नुसतं राहू दे. कसं लागते?”

ललिताबाईनं जीभ फिरवली. पुन्हा जीभ फिरवली. “गोड.”

“तुले कोनता साप चावला?”

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

“आता चाव.”

ललिताबाईनं चावलं आणि थू थू करत पान थुंकलं. “कडू जहर!”

“मंत्र कोनी म्हनला, आई? कोनीच नाई!” सुचिताचा आवाज फाटला होता. “पैलं पान हा जिभेवर ठेवते. तवा लोट्यातलं पानी गोड लागते. दुसरं पान झाडाचं, ते दाढेखाली चावायले लावते. तवा लिंब कडू लागते. मी पूरी दुपार पाह्यलं, हरेक मानसाले तसंच. इष उतरलं म्हनून चव नाई बदलली, यानं पान द्याची रीत बदलली!”

“बाईचा हात लागला! तीर्थ बाटलं!” महाराज किंचाळले आणि लोटा ओढू लागले. ललिताबाईनं त्याच्या आधीच त्यात बोट बुडवून चाटलं होतं. ती ताडकन उभी राहिली.

“आरे उकंडा! ही तं तुह्या बर्फाच्या गोयातली साखरीन व्हय! जत्रेत तुह्या गाडीवर माह्या लेकरानं हाच रंगीत गोया खाल्लता!”

महाराजांचं खरं नाव उकंडा, आणि संन्यासाआधी ते जत्रेत बर्फाचे गोळे विकत, हे बऱ्याच जणांना माहीत होतं. पण चिमूटभर साखरीननं बादलीभर पाणी गोड करणारा माणूस लोट्यात काय घालत असेल, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता. भस्म लावलेल्या माणसाबद्दल असा विचार करायचा नसतो ना! उकंडानं प्लास्टिकचा नाग उंच धरून शाप द्यायला सुरुवात केली. ऐकायला ललिताबाई होती कुठं? “भाऊजी, उचला यायले! उचला म्हन्ते ना!” किशन अजून घुटमळतच होता. शेवटी गर्दीतून पुढं येऊन अंकुरनं, हो, त्याच आपल्या संशोधकानं, रामधनला बगलेत धरलं आणि जीपमध्ये घातलं. नंतर वर चढून त्यानं तो फ्लेक्स टराटरा फाडल्याचं मी ऐकलं. तेवढं एक काम त्यानं वर्षभरात मनापासून केलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत रामधनचा श्वास अडखळू लागला होता. लगेच विषावरचं इंजेक्शन दिलं, घशात नळी घातली. मोठ्या दवाखान्यातून तज्ज्ञ डॉक्टर आले. त्यांनी पापण्या वर करून पाहिल्या आणि किशनला विचारलं, “सरळ इथंच का नाही आणलं? अजून थोडा वेळ लावला असता तर मला बोलवायचं कामच पडलं नसतं.” ललिताबाई बाकावर लेकीचा हात घट्ट धरून बसली होती आणि दोघी रडत होत्या. सुचिता मला एवढंच म्हणाली, “सर, मी त्या दारात उभी नसती राह्यली तं आईनं बाबांले तिथं नेलं नसतं.” मी तिला म्हटलं, “आणि तू पुन्हा घरोघरी फिरली नसतीस, मंडपात बसून पाहिलं नसतंस, तर त्यांना तिथून कोणी हलवलं नसतं.”

रामधन वाचला. घरी आला तेव्हा भेटायला सगळं गाव लोटलं. मीही गेलो होतो. चहा झाला आणि किशननं सुरुवात केलीच. एवढ्या लवकर सुधारला तर तो माणूस कसला!

“काई म्हना, पन महाराजाच्या पानानं अर्धं इष तं उतरलंच होतं. म्हनून तं दादा दवाखान्यापर्यंत टिकला. पान कडू लागलं, असं दादानंच म्हनलं ना!”

दोनतीन माना लगेच हलल्या. रामधननं खाटेवर पडल्या पडल्या भावाकडं मान वळवली. नळीनं घसा सोलून निघाला होता, आवाज घोगरा येत होता.

“मी कवा म्हनलं?”

“म्या कान लावलता ना, तुह्या तोंडाले…”

“किशन, माही जीभच हालत नव्हती बापा. गोड का कडू, मले चव समजलीच नाई. मी जीव तोडून एकच गोष्ट म्हनत होतो, दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या. तुले ‘कडू’ आयकू आलं.”

किशन उठला, भावाच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला.

पुढच्या तासाला मी फळा पुसला आणि मुलांना हे सगळं सांगितलं. तुम्हालाही तेच सांगतो. साप चावला तर मंत्र नको, पाला नको, चिरा देणं नको, माणसाला धीर द्या आणि सरळ दवाखान्यात न्या, औषध तिथंच आहे. आणि उद्या कोणी येऊन सांगेल की अमक्याला तमक्याचा गुण आला, तेव्हा नारळ घेऊन उभ्या असलेल्यांवर भागवू नका. जे तिथं दिसत नाहीत त्यांच्या घरी जा आणि विचारा. ज्याच्यावर चमत्कार झाला म्हणतात, त्याला त्याच्या तोंडानं बोलू द्या. आणि त्याला बोलता येत नसेल, तर दुसऱ्या कोणाचं काही ऐकत बसू नका, आधी गाडी काढा.